डाएट संपतं, भूक संपत नाही

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

लोकलमध्ये लटकत ऐकत असाल, मेसच्या रांगेत असाल, नाहीतर रात्री दिवे बंद करून उशीपाशी फोन ठेवून ऐकत असाल, आजचा विषय थेट तुमच्या ताटातला आहे. डाएट केलं की वजन उतरतं, आणि मग ते परत का येतं?

ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. लग्न ठरलेलं असतं, तीन महिने हातात असतात. सोमवारपासून भात बंद, साखर बंद, रात्री फक्त सूप. पहिल्याच आठवड्यात दोन किलो कमी! ग्रुपवर फोटो पडतो, बदाम पडतात. महिन्याभरात चार किलो. मावशी विचारते, "काय गं, काय करतेस तरी काय?" तिसऱ्या महिन्यात काटा अडतो. मग लग्न, मग केळवणं, मग दिवाळीचा फराळ. वर्षभराने वजनकाट्यावर उभं राहिलं की जुनाच आकडा, वर दोन किलो व्याज. ये रे माझ्या मागल्या.

आणि त्यानंतर घरातलं कुणीतरी ते वाक्य बोलतं. "तुझ्यात चिकाटीच नाही." हळूहळू आपणही ते स्वतःला सांगायला लागतो.

आज हे वाक्य आपण जरा तपासून बघू. कारण हे एकट्या-दुकट्याचं होत असतं, तर चिकाटीचा मुद्दा मान्य केला असता. पण अमेरिकेतल्या २९ दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले, तेव्हा चित्र असं दिसलं: दोन वर्षांत कमी झालेल्या वजनापैकी निम्म्याहून जास्त परत आलं, आणि पाच वर्षांत ८० टक्क्यांहून जास्त. ही सरासरी आहे, काही जणांचं वजन उतरलेलं राहतं. पण इतक्या सगळ्या माणसांची चिकाटी एकाच सुमारास संपते, हे काही पटत नाही. मामला दुसराच आहे.

पहिल्या आठवड्याची शाबासकी

सुरुवात त्या पहिल्या दोन किलोंपासून करू. ते गेले कुठे?

आपलं शरीर थोडी साखर हाताशी ठेवतं, यकृतात आणि स्नायूंमध्ये. तिला ग्लायकोजेन म्हणतात. मोठ्या माणसात ती साधारण अर्धा किलोपर्यंत असते. आणि एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठवलेलं असतं. तुम्ही भात-पोळी एकदम बंद केलीत की शरीर आधी हा साठा वापरतं, आणि त्याच्याबरोबरचं पाणी निघून जातं. काट्यावर दीड-दोन किलो कमी दिसतात. त्यात चरबी थोडीशीच असते.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या, तर एक किलो चरबी जायला पंधरा दिवस लागतात. म्हणजे "सात दिवसांत पाच किलो" असं कुणी रीलमध्ये सांगत असेल, तर तो मुख्यतः पाणी विकतोय.

आणि म्हणूनच लग्नाच्या पंगतीत एक दिवस जिलबी-मठ्ठा झाला की दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर जातो. एका रात्रीत दीड किलो चरबी चढत नाही. पाणी गेलं होतं, पाणी आलं. पण आपण त्या आकड्याकडे बघून खचतो.

मिनेसोटातले ३६ तरुण

आता एक जुनी गोष्ट सांगतो. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात लोक उपासमारीने खंगले होते. त्यांना पुन्हा खायला घालायचं तर कसं घालायचं, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. म्हणून अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने नोव्हेंबर १९४४मध्ये एक प्रयोग सुरू केला. ३६ तरुण स्वेच्छेने आले. युद्धात शस्त्र उचलायला तत्त्वाने नकार देणारे हे तरुण होते. तब्येतीने ठणठणीत, मनाने खंबीर.

आधी तीन महिने त्यांना पोटभर खायला दिलं, दिवसाला सुमारे ३,२०० कॅलरी. मग २४ आठवडे ते जवळपास निम्म्यावर आणलं, साधारण १,५७० कॅलरी. बटाटे, ब्रेड, मॅकरोनी, असं काहीबाही. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालायचं.

हा १,५७० आकडा लक्षात ठेवा. कारण आज मोबाइलवर फिरणारे कित्येक डाएट चार्ट १,२०० कॅलरींचे असतात, आणि त्याला कुणी उपासमार म्हणत नाही.

त्या तरुणांचं वजन जवळपास पाव हिस्सा उतरलं. पण बाकी काय झालं ते ऐका. हृदयाचे ठोके मंदावले. सारखी थंडी वाजायची. चिडचिड, उदासपणा, कशात लक्ष नाही. डोक्यात चोवीस तास जेवण. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायचे. ताट चाटून पुसून लख्ख करायचे. मैत्रिणी, राजकारण, पुस्तकं, सगळ्यातला रस गेला.

हे तत्त्वासाठी समाजाचा रोष पत्करलेले तरुण होते. चिकाटी त्यांच्याकडे भरपूर होती. तरी त्यांची ही गत झाली.

प्रयोग संपल्यावर त्यांना हवं तेवढं खायची मुभा मिळाली, तेव्हा काही जण दिवसाला पाच हजारांहून जास्त कॅलरी खात होते, आणि तरी म्हणत होते की भूक भागत नाही. वजन परत आलं. गंमत म्हणजे चरबी आधी भरून आली, आधीपेक्षाही जास्त. स्नायू मात्र मागून, हळूहळू. आणि पुढे याच आकड्यांचा पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा असं दिसलं की झिजलेले स्नायू भरून येईपर्यंत त्यांची जास्तीची भूक शमली नव्हती.

आपल्याकडे म्हण आहे ना, एकादशी आणि दुप्पट खाशी. ही म्हण आपण हसण्यावारी नेतो. पण तिच्यामागे शरीराचा खरा स्वभाव आहे.

नळाला आठ दिवसांनी पाणी

हा स्वभाव समजायला एक उदाहरण घेऊ. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आठवतंय? ज्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, तिथल्या घरात जाऊन बघा. पिंप भरलेलं, हंडे भरलेले, कळशी भरलेली, बादल्या, पातेली, सगळं भरलेलं. भाज्या धुतलेलं पाणी झाडांना. एक थेंब वाया नाही. आणि पुढे पाऊस चांगला झाला, नळ रोज यायला लागला, तरी त्या घरातली आजी कितीतरी दिवस पिंप भरूनच ठेवते. तिला दुष्काळ आठवतो.

आपलं शरीर म्हणजे ती आजी. डाएट आणि दुष्काळ यातला फरक त्याला कळत नाही. "नात्यातलं लग्न आहे म्हणून तीन महिने कमी खातेय," हे त्याला सांगायची सोय नाही. येणारं अन्न कमी झालं, एवढंच त्याला कळतं. मग ते दोन कामं करतं: खर्च आवरतं आणि मागणी वाढवतं.

आधी खर्च. अमेरिकेत वजन उतरवण्याची स्पर्धा असलेला एक टीव्ही शो खूप गाजला होता, 'द बिगेस्ट लूजर'. २००९च्या स्पर्धेतल्या १४ जणांना केविन हॉल या शास्त्रज्ञाच्या गटाने सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि २०१६मध्ये निष्कर्ष छापले. शो संपला तेव्हा या लोकांचं वजन सरासरी ५८ किलोंनी उतरलं होतं. सहा वर्षांत त्यातलं सरासरी ४१ किलो परत आलं होतं. आणि नुसतं बसून असताना त्यांचं शरीर जेवढी ऊर्जा वापरायला हवी होती, त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी वापरत होतं. सहा वर्षांनंतरही! म्हणजे त्याच वजनाच्या, त्याच वयाच्या दुसऱ्या माणसाच्या तुलनेत यांना रोज साधारण दोन वडापाव कमी खावे लागणार, तेव्हा कुठे बरोबरी. आजी अजून पिंप भरतेय.

हे टोकाचं उदाहरण आहे, मान्य. चार-पाच किलो उतरवणाऱ्याच्या शरीरात एवढा फरक पडत नाही. पण दिशा तीच असते.

खरा घोळ भुकेचा

आता मागणी. माझ्या मते खरी मेख इथे आहे. "माझं मेटाबॉलिझम स्लो झालंय" हे वाक्य आपण सगळीकडे ऐकतो, पण भुकेबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

याच केविन हॉल यांच्या गटाने २०१६मध्ये आणखी एक हिशेब मांडला. वजन एक किलो उतरलं की शरीराचा रोजचा खर्च साधारण २० ते ३० कॅलरींनी कमी होतो. आणि भूक? ती दर किलोमागे रोज सुमारे १०० कॅलरींनी वाढते. खर्चातल्या घटीच्या तिप्पट-चौपट! पाच किलो उतरवलेत तर तुमचं शरीर आधीपेक्षा रोज ५०० कॅलरी जास्त मागतं. आधीच्यापेक्षा जास्त, हं. आणि तुम्ही मात्र आधीपेक्षा कमी खायचा प्रयत्न करताय.

म्हणून सहा-आठ महिन्यांत काटा अडतो. आपल्याला वाटतं, मी तर तेवढंच खातेय. पण भूक रोज थोडी थोडी ढकलत असते. पोळीला तूप जरा जास्त लागतं, चहाबरोबर एकाची दोन बिस्किटं होतात, भाजी चाखता चाखता अर्धी वाटी जाते. लबाडी कुणी करत नसतं. पण भूक चोवीस तास जागी असते आणि आपला निग्रह रात्री नऊ वाजता थकून ऑफिसमधून घरी येतो.

ही भूक येते कुठून? दोन नावं माहीत असू द्या. एक लेप्टिन. हा संप्रेरक चरबीच्या पेशी तयार करतात, आणि तो मेंदूला सांगतो की "साठा आहे, काळजी नको." १९९४मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने तो शोधला. चरबी कमी झाली की लेप्टिन कमी, आणि मेंदूला वाटतं कोठार रिकामं होतंय. दुसरा घ्रेलिन, जो मुख्यतः जठरातून येतो आणि भूक लागल्याची वर्दी देतो. वजन उतरलं की तो वाढतो.

मेलबर्नमधल्या संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींच्या आहारावर ठेवलं. वजन सरासरी साडेतेरा किलोंनी उतरलं. मग वर्षभराने पुन्हा रक्त तपासलं. वजन थोडं परत आलं होतं, पण लेप्टिन अजून कमीच होतं, घ्रेलिन अजून जास्तच होतं, आणि लोक सांगत होते की आधीपेक्षा जास्त भूक लागते. डाएट दहा आठवड्यांचं. भूक वर्षभर तशीच.

आजच्या भागातून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ही घ्या. डाएटला शेवटची तारीख असते. शरीराच्या उत्तराला ती तारीख माहीत नसते.

"जाऊ दे, आता मोडलंच ना!"

शरीराबरोबर मनाचाही एक भाग आहे. १९७५चा एक प्रयोग गमतीशीर आहे. काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक प्यायला दिलं, मग आइस्क्रीम चाखून चव सांगायला बसवलं. ज्या डाएटच्या भानगडीत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. साहजिक आहे, पोट भरलं होतं. पण ज्या एरवी खाण्यावर कडक लगाम ठेवायच्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम उलट जास्त खाल्लं. विचार असा: आजचा नियम मोडलाच आहे, तर आता काय राहिलं?

ओळखीचं वाटतंय ना? गणपतीत एक मोदक खाल्ला. तो एक मोदक शंभर-दीडशे कॅलरींचा. त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या वाक्याने. "जाऊ दे, आज मोडलंच, सोमवारपासून परत सुरू करू." मग मंगळवार ते रविवार मोकळं रान. नियम जितका कडक, तितका तो मोडल्यावरचा पूर मोठा.

मग कोणतं डाएट भारी?

आपल्या घराघरांत हा वाद झालेला आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात दिवसातून दोनदाच जेवा आणि जेवण ५५ मिनिटांत संपवा. ऋजुता दिवेकर सांगतात घरचं, स्थानिक, हंगामी अन्न ठरावीक वेळाने थोडं थोडं खा. बाबा एका पक्षात, काकू दुसऱ्या. त्यात किटो आलं, उपवासाच्या खिडक्या आल्या, भात चांगला की वाईट हे आलं.

या दोघांची तुलना आज करत नाही. पण कमी फॅट की कमी कार्ब, या भांडणावर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने एक मोठा प्रयोग केला. ६०९ लोक, एक वर्ष. निकाल आला २०१८मध्ये. कमी फॅटवाल्यांचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी कार्बवाल्यांचं ६ किलो. म्हणण्यासारखा फरक नाही. पण प्रत्येक गटाच्या आत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. त्याच आहारावर कुणाचं २५-३० किलो उतरलं, तर कुणाचं चक्क वाढलं.

म्हणजे मैत्रिणीला लागू पडलेलं डाएट तुम्हाला लागू पडलं नाही, तर तुमच्यात खोट आहे असं नाही. "कोणतं डाएट?" यापेक्षा कामाचा प्रश्न हा: "असं मी पाच वर्षं जेवू शकेन का?" होळीला, श्रावणात, परीक्षेत, नाइट शिफ्टला, सासरी? उत्तर 'नाही' असेल, तर ते वजनही पाच वर्षं राहणार नाही.

आपली गोष्ट थोडी वेगळी

आता थोडं पुण्याला येऊ. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे प्रा. जॉन युडकिन या दोघांनी २००४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा: २२.३. दोघंही कागदावर सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के!

आपल्याकडे हे खूप दिसतं. हातपाय काडीसारखे, पोट पुढे. स्नायू कमी, चरबी जास्त, आणि म्हणून वजन कमी दिसूनही मधुमेहाचा धोका मोठा.

याचा डाएटशी संबंध काय? फार जवळचा. व्यायामाशिवाय नुसतं खाणं तोडून वजन उतरवलं, तर गेलेल्या वजनाचा साधारण पाव भाग चरबीचा नसतो, त्यात स्नायूही झिजतात. वजन परत येतं तेव्हा मात्र चरबी लवकर भरते. मिनेसोटात आपण तेच बघितलं. आधीच ज्यांच्या अंगावर स्नायू बेताचे, त्यांनी दरवर्षी उन्हाळ्यात एक कडक डाएट करायचं आणि दिवाळीला वजन परत आणायचं, हा व्यवहार तोट्याचा होऊ शकतो. काट्यावर आकडा तोच, आतला माल मात्र बदललेला.

आणि ती इंजेक्शनं?

तुम्ही विचारणारच, म्हणून थोडक्यात. २०२५मध्ये भारतात माउंजारो आणि वेगोवी ही वजनाची इंजेक्शनं आली. वेगोवीतल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के उतरलं. औषध काय करतं? प्रामुख्याने भूक शांत करतं. आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आलं.

मला यातून एक वेगळीच गोष्ट दिसते. ज्यांना आयुष्यभर "तोंडावर ताबा नाही" असं ऐकवलं, त्यांची भूक औषधाने शांत केली आणि तीच माणसं आरामात कमी जेवली. चारित्र्य एका इंजेक्शनाने बदलत नाही. भूक बदलली. बाकी, ही औषधं कुणी घ्यायची, किती घ्यायची, हे डॉक्टरांनी ठरवायचं. जिममधल्या दादाने नाही.

मग काय, हातावर हात ठेवून बसायचं?

अजिबात नाही. अमेरिकेत १९९४पासून अशा लोकांची नोंद ठेवली जाते, ज्यांनी किमान साडेतेरा किलो उतरवून ते वर्षभर तरी टिकवलंय. दहा हजारांहून जास्त लोक त्यात आहेत. त्यांची डाएट वेगवेगळी. पण बहुतेक जण रोज तासभर तरी हालचाल करतात, त्यातही चालणं जास्त. बरेच जण आठवड्यातून एकदा तरी वजन बघतात. टीव्ही कमी बघतात. बिगेस्ट लूजरच्या लोकांतही ज्यांनी वजन जास्त टिकवलं, त्यांनी हालचाल सगळ्यात जास्त वाढवलेली होती. व्यायामाने वजन उतरतं थोडंच, पण उतरलेलं टिकवायला तो फार उपयोगी पडतो.

तर कामाच्या चार-पाच गोष्टी.

एक, ताटातून काढण्याआधी ताटात घाला. मटकीची उसळ, मुगाचं वरण, दही, चालत असतील तर अंडी, मासे. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि स्नायू वाचतात. आपल्या ताटात भात-पोळीचा डोंगर आणि वरणाचा ओघळ असतो. तेवढं प्रमाण बदललं तरी बराच फरक पडतो.

दोन, आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम. जिम परवडत नसेल तर जोर-बैठका आहेतच. आजोबांना कुणी मेंबरशिप दिली होती?

तीन, झोप. बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर दहा तास झोपल्यानंतरच्या तुलनेत त्यांचं लेप्टिन १८ टक्के कमी आणि घ्रेलिन २८ टक्के जास्त भरलं. रात्री दोनपर्यंत रील बघून दुसऱ्या दिवशी खा-खा सुटली, तर दोष वडापावचा नाही. आणि हो, आता हे रात्री ऐकत असाल, तर हा भाग संपला की फोन बाजूला.

चार, निग्रहाची परीक्षा कमी घ्या. फरसाणाचा डबा डोळ्यांसमोर ठेवून रोज त्याच्याशी लढू नका. तो वरच्या फळीवर जाऊ दे.

पाच, मोडलं तर सोमवारची वाट बघू नका. पुढचं जेवण नेहमीसारखं जेवा. बास.

एक सावधगिरीची सूचना. जेवण टाळणं, खाऊन मुद्दाम उलटी काढणं, खाण्याच्या विचाराने दिवस खराब होणं, असं काही होत असेल, तर डाएट थांबवा आणि डॉक्टरांशी बोला. हे आजाराचं लक्षण असू शकतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

काट्याच्या पलीकडचा आकडा

शेवटी एक चांगली बातमी. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांवर एक प्रयोग झाला. एका गटाला सात टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, एवढंच ध्येय दिलं. सरासरी तीनेक वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. पुढे त्यांचंही वजन बऱ्यापैकी परत आलं. पण दहा वर्षांचा हिशेब केला, तेव्हाही या गटात मधुमेहाचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमीच होतं.

आणि आपल्या देशातला निकाल तर त्याहून बोलका आहे. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने अशाच ५३१ जणांवर प्रयोग केला, २००६मध्ये तो छापून आला. ज्यांना रोज चालायला आणि साखर, मैदा, तेल कमी करायला लावलं, त्यांच्यात मधुमेह २८.५ टक्क्यांनी कमी झाला. आणि त्यांचं वजन? त्यात म्हणावा असा फरकच पडला नव्हता!

विचार करा. यातली कितीतरी माणसं काट्यावर उभी राहून म्हणाली असती, "काहीच उपयोग झाला नाही." पण आत, रक्तात, केवढा उपयोग झाला होता.

म्हणून काट्याबरोबर आणखी काही मोजा. कमरेचा घेर मोजा: आपल्याकडे पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायकांनी ८०च्या आत राहावं असं सांगतात. जिने चढताना धाप लागते का, ते बघा. रक्तातली साखर तपासा. रात्री झोप लागते का, ते बघा. आणि पुढच्या वेळी कुणी "तुझ्यात चिकाटीच नाही" म्हणालं, तर भांडू नका, त्यांना हा भाग पाठवा.

तुमच्या घरातली एखादी सवय, जी डाएट न म्हणता वर्षानुवर्षं टिकली आहे, ती मला लिहून कळवा. निवडक सवयी पुढच्या भागात वाचून दाखवेन. तोवर नीट जेवा, नीट झोपा, आणि जेवताना फोन पालथा ठेवा.

भेटू पुढच्या भागात.